डोंगरावरची पांढरी फुले रोपवाटिकेत येऊ द्या

नवी मुंबईत बागा करून देणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की गिऱ्हाईक पांढरे फूल हमखास मागते. दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाला बाग भेटते ती रात्री, आणि अंधारात उठून दिसते ते पांढरेच. अशा वेळी आपण त्याला स्पायडर लिली, बुटकी तगर, पांढरी बोगनवेल देऊन मोकळे होतो. झाडे चिवट आहेत, गाडीभर मागितली तरी मिळतात, निविदेच्या यादीतही त्यांचीच नावे असतात. पण स्पायडर लिली आणि बोगनवेल दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. पारसिकच्या रांगेवर, खारघरच्या उतारावर आणि पलीकडे कर्नाळ्यात पांढऱ्या फुलांची जी संपत्ती आहे, तिच्यातले एकही रोप आपल्या बहुतेक रोपवाटिकांत मिळत नाही. आपल्या व्यवसायाची ही मोठी उणीव आहे.

सुरुवात कुड्यापासून करावी. पाणी नाही, माती वीतभर, खाली काळा कातळ, अशा जागी पांढरा कुडा मे महिन्यात फुलांनी भरतो. रस्त्याच्या दुभाजकाला याहून कणखर झुडूप कोणते हवे? फेब्रुवारी-मार्च हे बी गोळा करण्याचे दिवस. जोडीने लोंबणाऱ्या लांब, बारीक शेंगा तपकिरी झाल्या की तडकण्याआधीच उतरवाव्या लागतात. एकदा तडकल्या की केसाळ शेंडीचे बी वाऱ्यावर जाते. काळ्या कुड्याशी घोटाळा होऊ देऊ नका. त्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बी त्याच हंगामात पेरावे.

पापट हे दुसरे झुडूप. पांढऱ्या फुलांचे झुबके, प्रत्येक फुलातून लांब बाहेर आलेली टाचणीसारखी कुक्षी. पापटाचे पान उजेडासमोर धरले तर त्यात काळसर ठिपके दिसतात. रोपवाटिकेतला माणूस ते पाहून औषधाचा पंप उचलतो. तो रोग नव्हे. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि झाडाला त्यांचा त्रास नसतो. ही गोष्ट आपल्या माळ्यांना सांगायलाच हवी.

खाडीकाठच्या सोसायट्यांची तक्रार वेगळी असते: खारट वाऱ्याने कुंपण जळते. तिथे वनजाई लावा. कांदळवनाच्या कडेला ती आपणहून वाढते, फांदीच्या तुकड्यापासून सहज लागते, छाटणी सोसते, आणि पांढऱ्या फुलातून जांभळट पुंकेसर बाहेर काढून उभी राहते. सावलीच्या कोपऱ्यात चित्रक चालतो. त्याच्या फुलाचे पुष्पकोश बोटाला चिकटतात आणि छोटी निळी फुलपाखरे त्यावर अंडी घालतात. मात्र मूळ दाहक आहे, कातडीवर फोड उठतात. लहान मुलांच्या खेळाच्या जागेपासून तो दूरच ठेवावा.

तगर काढून टाका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिच्यावर येणारी जाड हिरवी अळी पाहिली की फवारणीचा आग्रह होतो, तो तेवढा थांबवावा. डोक्याजवळ दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली ही अळी पुढे हिरव्या नक्षीचा मोठा पतंग होते. पांढरी, संध्याकाळी सुगंध सोडणारी, लांब नळीची कितीतरी फुले अशाच पतंगांची वाट पाहत असतात. पानांवरची अळी मारून त्या फुलांना फळ धरण्याची अपेक्षा करता येणार नाही. बागेत दिव्यांचा झोत थेट फुलझाडांवर सोडण्याची टूमही याच कारणाने सोडून द्यावी.

आता कंदांविषयी. पहिल्या पावसानंतर पनवेल-बेलापूरच्या बाजारात फोडशीच्या जुड्या येतात. ही पांढऱ्या मुसळीच्या कुळातली भाजी. पाने खुडली तर कंद जमिनीत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो. मुळांसाठी खणले की त्या जागी काहीच उरत नाही. औषधी मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले आहे. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1955 मध्ये तिचे वर्णन केले. मुंबईच्या उंबरठ्यावर ओळखली गेलेली ही वनस्पती मुळांच्या मागणीपायी रानातून खणली जात राहिली. म्हणून स्पष्ट लिहितो: पावसाळ्यात डोंगरावरून उपटून आणलेले कंद आणि आमरी कोणी पोत्यात भरून विकायला आणले, तर घेऊ नका. वनजमिनीवरून परवानगीशिवाय झाड काढणे गुन्हा आहेच, पण कायद्याचा धाक नसता तरी आमचे म्हणणे हेच राहिले असते. स्थानिक झाडांची मागणी वाढली आणि रोपवाटिका रिकाम्या राहिल्या, तर ती मागणी कुदळीने भागवली जाईल. म्हणूनच रोपे आधी तयार हवीत, जाहिरात मागाहून.

यासाठी फार भांडवल लागत नाही. खासगी जागेतली, शाळा-महाविद्यालयांच्या आवारातली जुनी झाडे शोधा, मालकाची परवानगी घ्या, दरवर्षी त्यांचेच बी गोळा करा. पिशवीवर झाडाच्या नावाबरोबर बी कुठले, कोणत्या महिन्यातले, हेही लिहा. उद्यान विभागातल्या अधिकाऱ्यांनी पुढच्या यादीत कुडा, पापट आणि वनजाई ही तीन नावे घातली, तर रोपवाटिकांना दोन हंगाम आधी पेरण्याचे धाडस होईल.

पुढच्या अंकात कुड्याच्या पेरणीवर स्वतंत्र पान देत आहोत. ज्यांनी पापट बियाण्यापासून वाढवला आहे त्यांनी माती, सावली आणि उगवणीला लागलेला काळ यांची टिपणे आम्हाला जरूर पाठवावीत.