चौथ्या दिवशीची सूज

गेल्या डिसेंबरात हैदराबादला जाऊन केसांचं प्रत्यारोपण करून घेतलं. आईला मात्र सांगितलं, "डोक्यावरची बारीकशी गाठ काढली." टकलासाठी एवढा खर्च केला, हे सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सैल टोपी घालून आदिलाबादला परतलो.

तिसऱ्या दिवशी कपाळ फुगलं. चौथ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डावा डोळा उघडेना. आईनं पाहिलं आणि मटकन खाली बसली. तिच्या मनात ती 'गाठ' कुठवर गेली असेल, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. मग खरं सांगावंच लागलं.

ही सूज बहुधा साधी असते. शस्त्रक्रियेच्या वेळी टाळूच्या कातडीखाली भुलीचं औषध आणि सलाइन सोडतात. तो द्रव हळूहळू कपाळावर आणि तिथून पापण्यांत उतरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज सर्वात जास्त दिसते आणि आठवडाभरात ओसरते.

मला डॉक्टरांनी सांगितलेलं असं: पहिल्या काही रात्री दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून कपाळावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, लावलेल्या केसांवर अजिबात नाही. गोळ्या लिहून दिल्या तेवढ्याच, मनानं वेदनाशामक घ्यायचं नाही. आईचा गरम हळदीचा लेप आणि आदिलाबादच्या थंडीत तिनं पुढं केलेली घट्ट कानटोपी, दोन्हींना नम्रपणे नकार दिला.

पण प्रत्येक सूज साधी नसते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. चेहरा सुजला होता, श्वास घ्यायला त्रास होत होता. औषधाची तीव्र ॲलर्जी असावी, असा डॉक्टरांचा अंदाज होता. म्हणून ओठ, जीभ किंवा घसा सुजला, दम लागला, अंगावर गांध्या उठल्या, तर वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, एकाच बाजूची लाल सूज किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि मुळात शस्त्रक्रिया कोण करणार, हे आधी विचारा. प्रत्यारोपण प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावं, व्हिडिओ पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सातव्या दिवशी चेहरा पूर्ववत झाला. तोवर आई रात्री दोनदा उठून माझ्या उशा सारख्या करायची, श्वास नीट चालतोय ना ते बघायची. झोपेत दम लागला असता, तर ते मला कळलं असतं का? मित्रांनो, ऑफिसात सांगू नका हवं तर, पण घरात एकाला तरी खरं सांगूनच जा.