पात्राची जात विचारा

अभिनयाच्या वर्गात पात्र कसं उभं करायचं हे शिकवताना बहुधा स्तानिस्लावस्कीपासून सुरुवात होते. मी कोण, कुठे आणि कोणत्या काळात आहे, मला काय हवंय, आड काय येतंय, हे प्रश्न संहितेला विचारायचे आणि मिळालेल्या परिस्थितीत स्वतःला ठेवून बघायचं. रशियन रंगभूमीवर घडलेली ही पद्धत आपल्याकडेही रुळली. पण आपल्या समाजात ‘मी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरात जात येतेच. वर्गात नेमकी तीच गाळली जाते, किंवा फक्त दलित पात्रालाच चिकटवली जाते.

विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ (१९८३) घ्या. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते. संशोधनासाठी मी काही अभिनयवर्ग पाहिले. अशा भूमिकांची तयारी ठरलेली असते. अरुणसाठी रांगडी बोली, चढा आवाज, दारुड्याची चाल, काळवंडलेला चेहरा. नाथांसाठी मात्र तासन् तास चर्चा: त्यांचा ध्येयवाद, त्यांची घालमेल, बापाचं मन. एकाच्या मनाचा शोध घेतला जातो, दुसऱ्याचा फक्त मेकअप होतो.

खरं तर प्रश्न दोघांनाही विचारायला हवेत. या घरात पहिल्यांदा आलेला अरुण खुर्चीत किती टेकून बसेल? आणि नाथ? समोरच्याचं बोलणं ते किती सहज तोडतील? जातिअंताचं स्वप्न मुलीच्या संसारात बघण्याचा हक्क त्यांना कुठून मिळाला? जात अरुणच्या अवघडण्यात असेल, तर ती नाथांच्या निर्धास्तपणातही आहे. यामुळे अरुणची मारहाण माफ होत नाही. पण ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून नटाला सुटताही येत नाही.

दुसरी अडचण भावस्मृतीच्या सरावात येते. ‘तुझ्याकडे अनुभव आहे’ म्हणत दलित विद्यार्थ्याला भर वर्गात अपमान आठवायला लावतात. सवर्ण विद्यार्थ्याला मात्र विचारत नाहीत, तुझ्या घरी कुणासाठी वेगळा कप होता? खुद्द स्तानिस्लावस्कीने पुढे शारीरिक कृतींवर भर दिला. पात्र या क्षणी काय करतंय, हे नीट शोधलं तर त्यातून भावना जागी होऊ शकते. त्यासाठी कुणाची जखम उघडी करायची गरज नाही.

घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेले आपल्यातले काहीजण एकांकिका स्पर्धांत, नाट्यशाळांत जात आहेत. आडनाव ऐकून तुमच्या हाती अरुण दिला जाईल. करायचा तर जरूर करा, पण नाथही मागा. आणि पहिल्याच वाचनाला विचारा: नाथांची जात त्यांच्या चालण्याबोलण्यात कुठे दिसणार आहे? याचं उत्तर शोधणं हे एकट्या तुमचं काम नाही. दिग्दर्शकासकट सगळ्या वर्गाने त्यासाठी बसायला हवं.