ऑपरेशन झालं, आता व्यायामाला वेळ द्या

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईचा हातच वर जाईना! दोन्ही भाषा फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागले. वेणी घालताना, ओढणी घेताना, नमाजला हात उचलताना कळ यायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, “नस दबली असेल, मालिश करा.” मालिशीत आठ महिने गेले.

डॉक्टरांनी आधी शुगर तपासायला सांगितली. ती वाढलेली निघाली. फ्रोजन शोल्डर साधारण चाळीस ते साठ या वयात होतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आकसतं. इंजेक्शन आणि व्यायामाने मला पुरेसा फरक पडला नाही. शेवटी दुर्बिणीने ऑपरेशन करून ते आवरण मोकळं केलं. छिद्रं लहानच होती. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपी सुरू झाली.

खरी अडचण घरी आल्यावर कळली. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, “बेटा, ऑपरेशन तो हो गया, अब काहे की कसरत?” ऑपरेशनसाठी घराने पैसे उभे केले होते. रोजच्या व्यायामाचा अर्धा तास मात्र कुणाच्या हिशेबात नव्हता. त्या वेळी कणीक कोण मळणार, हा प्रश्न माझ्याकडेच यायचा.

2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. त्यात 503 रुग्ण होते. काहींना इंजेक्शनसह फिजिओथेरपी दिली, काहींचा हात भूल देऊन फिरवला, तर काहींचं दुर्बिणीने ऑपरेशन केलं. वर्षभरानंतर कोणताही एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. धोके ऑपरेशनमध्ये जास्त होते. आणि ऑपरेशन झालेल्यांनाही पुढे फिजिओथेरपी होतीच.

माझा ऑपरेशनला विरोध नाही, मला त्याचा फायदाच झाला. पण ऑपरेशनने वाट मोकळी होते, चालावं आपल्यालाच लागतं. व्यायाम सुटला तर खांदा पुन्हा आखडू शकतो.

म्हणून बहिणींनो, हात वर जाईनासा झाला तर आठ महिने थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, शुगर तपासा. आणि घरातल्या भावांनो, मुलांनो, तिच्या व्यायामाच्या वेळी स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा. हा खर्च ऑपरेशनपेक्षा स्वस्तच आहे.