नेट कुणाचं घेऊ?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, 'नेट चालू आहे का कोणाचं?' अर्थात हे मोबाइलच्या डेटावरून विचारलेलं असतं. ज्यांचं चालू असतं ते जरा जास्तच उत्साहाने 'आमचं मस्त चाललंय' असं कळवतात आणि पाठोपाठ खरा प्रश्न येतो: 'आता बदलायचंच आहे. कुणाचं घेऊ?'

उत्तर देणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, सगळे सारखेच, त्यातल्या त्यात स्वस्त असेल ते घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण नावाजलेली कंपनी घ्या, डोक्याला ताप नको. भांडण कितीही रंगलं तरी एका बाबतीत दोघांचं एकमत असतं: नेट म्हणजे कंपनी. मला ते पटत नाही. नेट म्हणजे आपल्या जिन्यापर्यंत आलेली वायर आणि ती तुटल्यावर येणारा माणूस. कंपनी त्यानंतर, आणि किंमत तर अगदी शेवटी.

किंमत शेवटी, कारण तिच्यात आता फारसं काही उरलेलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तेव्हापासून जवळपास दहा वर्षं आपण फोनची लाइन अडवून मोडेमचं ते खरखरणं ऐकत बसलो. २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. वेग २५६ केबीपीएस, आणि सरकारी धोरणानुसार तेवढ्याला ब्रॉडबँड म्हणत. (ही व्याख्या २०१३मध्ये ५१२वर गेली आणि २०२३मध्ये कुठे २ एमबीपीएसवर पोचली.) काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून इंजिनीअरिंगची पोरं अभ्यासाला नाही, पण डाउनलोड लावायला दोनचा गजर लावून उठत. कुणाचं घ्यायचं हा प्रश्न तेव्हा नव्हता. लाइन मिळाली हेच नशीब. सप्टेंबर २०१९मध्ये जिओफायबर बाजारात उतरलं, वर्षभराने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा अमर्याद प्लॅन आला, एअरटेलने ४९९मध्ये ४० देऊ केले आणि गल्लीतल्या केबलवाल्यांनाही भाव खाली आणावे लागले. आज एकाच वेगाच्या दोन प्लॅनमध्ये महिन्याला शंभर-दीडशेचा फरक निघतो. त्यातही जाहिरातीतल्या आकड्यात जीएसटी धरलेला नसतो. १८ टक्के लावले की ३९९चे ४७१ होतात आणि ४९९चे ५८९. ताडून बघायचं तर हे आकडे बघावेत.

मग लोक वेगाकडे वळतात. शंभर घेऊ की तीनशे? नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरतात, साध्या एचडीला पाच. व्हिडिओ कॉलला तीन-चार. चौघांच्या घरात एकाच वेळी सगळ्यांनी सगळं लावलं तरी शंभराचा प्लॅन पुरता भरत नाही. तीनशेचा प्लॅन घेऊन राउटर टीव्हीच्या मागच्या कपाटात कोंबणारी आणि आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून कंपनीला शिव्या देणारी घरं मी पाहिली आहेत. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा. दिसायला वाईट दिसतो, पण दिसू दे.

खरी गुणवत्ता दोन ठिकाणी कळते, आणि दोन्ही जाहिरातीत दिसत नाहीत.

पहिली जागा म्हणजे रात्री नऊ. दुपारी तीनला कुणाचंही नेट पळतं. फायबरच्या नेहमीच्या रचनेत एका मुख्य तंतूवरचे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. सगळे जण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या हिशेबावर ते चालतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. प्रश्न त्याच्या मागे असतो. प्रदात्याने बाहेरच्या जगाशी जोडायला किती बँडविड्थ विकत घेतली आहे? स्वस्त देणारा बहुधा इथेच हात आखडता घेतो. गर्दीच्या वेळी ही वाट ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नये, असा दंडक दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २००६मध्येच घालून दिला होता. तो पाळला जातो की नाही हे आपल्याला घरबसल्या मोजता येत नाही, पण जाणवतं.

आणि यातली गंमत अशी की ते सगळ्यांना सारखं जाणवत नाही. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स आपली लोकप्रिय सामग्री प्रदात्यांच्या केंद्रांतच यंत्रं बसवून साठवून ठेवतात. तुम्ही मालिका लावता तेव्हा ती अमेरिकेहून येत नाही, बऱ्याचदा शहरातूनच येते. स्पीड टेस्टसुद्धा अनेकदा प्रदात्याच्याच जाळ्यातल्या सर्व्हरशी बोलते, म्हणून आकडा झकास दिसतो. पण ऑफिसचं व्हीपीएन किंवा बॉस्टनमधल्या क्लायंटचा कॉल बाहेरच्या वाटेनेच जातो. म्हणजे एकाच वायरवर सासूबाईंची मालिका अडखळत नाही आणि सुनेची मीटिंग मात्र गोठते. सासूबाई म्हणतात, 'नेट तर व्यवस्थित चाललंय.' दोघीही खऱ्या असतात. म्हणून घरात नेट कशाला लागतं हे आधी ठरवावं. नुसतं बघायला हवं असेल तर स्वस्तातलं घ्या, बिनधास्त घ्या, कमीपणा वाटून घेऊ नका. घरी बसून नोकरी असेल, तर संध्याकाळी सात ते दहा याच वेळात, याच विंगमध्ये कुणाचा परदेशचा कॉल सुरळीत होतो ते विचारा. 'याच विंगमध्ये' मुद्दाम म्हणते आहे. ए विंगमध्ये उत्तम चालणारी कंपनी सी विंगमध्ये रडताना मी बघते, कारण सी विंगची वायर दोन गच्च्या आणि एक आंब्याचं झाड ओलांडून आलेली आहे.

दुसरी जागा तीच, वायर. गेल्या जुलैत आमच्या मोडेमवरचा 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकायला लागला. याचा अर्थ प्रकाशच येत नाही, मोडेम बंद-चालू करून काही उपयोग नाही. दोन दिवसांनी रेनकोट घातलेला एक मुलगा आला. जिन्याखालचा काळा डबा उघडून बघितला न बघितला तोच म्हणाला, 'काकू, उंदीर.' केसाएवढा तंतू त्याने सोलला, स्पिरिटच्या कापडाने पुसला, छोट्या कटरवर काटकोनात कापला आणि दोन्ही टोकं एका यंत्रात ठेवली. यंत्राच्या पडद्यावर दोन करड्या दांड्या सरकत सरकत समोरासमोर आल्या, ठिणगी पडली आणि त्या एक झाल्या. वरून बारीक नळी सरकवून ती तापवली. मग मीटर लावला. वजा एकवीस. 'वजा सत्तावीसच्या पलीकडे गेलं की बंद पडतं. एकवीस म्हणजे एक नंबर.' सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. मग दोन दिवस का लागले? 'एवढ्या एरियाला आम्ही दोघंच आहोत, काकू. पावसात सगळ्यांचं एकदम जातं.' त्याच्या टीशर्टवर एका कंपनीचं नाव होतं आणि बॅगेवर दुसरीचं. आधी तिकडे होता, आता इकडे.

तुमच्या दीडशे रुपयांच्या फरकाचं मोल इथे ठरतं. जास्त पैशांत जर 'दोघंच' ऐवजी चौघं मिळत असतील तर ते जरूर द्यावेत. पण बऱ्याचदा मोठी कंपनी दुरुस्तीचं काम स्थानिक कंत्राटदाराला देते, आणि जादा पैसे ॲप, चॅटबॉट आणि पंधरा ओटीटींच्या पुडक्यात जातात, ज्यातल्या बारांची नावं घरात कुणाला ठाऊक नसतात. लाइन मेलेली असताना 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज पाठवण्यात तर काहींचा हातखंडा आहे. उलट गल्लीतला केबलवाला स्वतःचा मोबाइल नंबर देतो, स्कूटरवर येतो आणि त्याची बायको आपल्या भिशीत असते. तो फोन उचलतो. त्याची बाहेरची वाट अरुंद असेलही, पण आमच्या शेजारच्या आजोबांना ॲपवर तिकीट काढण्यापेक्षा त्याला हाक मारणं सोपं पडतं, आणि त्यांच्यासाठी तीच गुणवत्ता.

ज्यांची नोकरीच नेटवर आहे त्यांना माझा सल्ला थोडा वेगळा आहे. हजाराचा एक भारी प्लॅन घेण्यापेक्षा साडेचारशे-पाचशेचे दोन साधे घ्या, मात्र दोन्हींच्या वायरी वेगवेगळ्या वाटेने येणाऱ्या असू द्या. एकाच खांबावरून दोन कंपन्या आल्या तर महापालिकेचा कटर दोन्ही एका झटक्यात कापतो. दुसरं बिनवायरीचं एअरफायबर घेतलं तर खांबाचा प्रश्नच मिटतो, फक्त तिथे अपलोडचा वेग किती ते आधी विचारा. आणि पुण्यात राहत असाल तर गुरुवारचं विसरू नका. महावितरणच्या दुरुस्तीत वीज गेली की फायबर शाबूत असूनही घर मुकं होतं. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो कुठल्याही महागड्या प्लॅनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नव्या इमारतीत तर निवडीचा सवालच नसतो. बिल्डरने कुणा एकाशी संधान बांधलेलं असतं आणि दुसऱ्याला तो डक्टमध्ये वायर टाकू देत नाही. ट्रायने २०२४मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले आहेत. फ्लॅट घेताना पार्किंग आणि पाण्याबरोबर हेही विचारायला हरकत नाही. आधीच राहायला गेला असाल तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय काढा. जिन्याच्या रंगावर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटं यालाही द्या.

लाइन बंद पडली तर तक्रार तोंडी करू नका. नंबर घ्या, तारीख लिहून ठेवा. तीन दिवसांहून जास्त बंद राहिली तर भाड्यात सूट देण्याची तरतूदही ट्रायच्या नियमांत आहे. आपण मागत नाही, म्हणून ते देत नाहीत. आणि अगदीच कुणी दाद दिली नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दूरसंचार सेवेबद्दल तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

राहता राहिला वर्षाचा प्लॅन. बारा महिन्यांचे पैसे भरा, एक महिना फुकट, राउटरही मोफत. हिशेबाने हा सौदा चांगलाच आहे, पण एकदा वर्षाचे पैसे हातात पडले की तुमच्या फोनची निकड संपते. नवीन कनेक्शन महिन्याच्या बोलीवर घ्या, थोडं महाग पडलं तरी. उंदीर, खड्डे, फांद्या आणि मांडवाचे बांबू यांतून ती वायर एक पावसाळा निभावून जाऊ दे. वर्षाचे भरायचेच असतील तर गणपती झाल्यावर भरा. दिवाळीची ऑफर तेव्हा येतेच.