देवीकुलमचा निकाल आणि मळ्यांतील मतदार

केरळमधील देवीकुलम विधानसभा मतदारसंघातून २०२१ साली निवडून आलेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार ए. राजा यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी वैध ठरविली. त्यापूर्वी, मार्च २०२३ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली होती. एका जागेचा हा कज्जा केवळ कायद्याचा कीस काढणारा होता, असे समजून तो विसरून जाणे योग्य होणार नाही. कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी कोण आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या डोंगराळ मतदारसंघाने गेली सहा दशके देशापुढे ठेवला आहे.

इडुक्की जिल्ह्यातील मुन्नारचे चहामळे याच मतदारसंघात येतात. ब्रिटिश मळेवाल्यांनी तमिळ मुलखातील भूमिहीन दलितांना कंकाणी मुकादमांमार्फत आणून हे मळे उभे केले. राज्य पुनर्रचनेच्या वेळी देवीकुलम आणि पीरमेड हे तालुके मद्रास राज्यात जावेत, अशी जोरदार मागणी झाली. तरी १९५६ साली ते केरळातच राहिले. सीमेवर राहणाऱ्या भाषिक अल्पसंख्याकांचे दुःख मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५७ साली येथून कम्युनिस्ट पक्षाच्या रोसम्मा पुन्नूस निवडून आल्या. नव्या विधानसभेत सर्वांत आधी शपथ त्यांनीच घेतली. परंतु काँग्रेसच्या बी. के. नायर यांचे उमेदवारी पत्र चुकीने फेटाळले गेले, या कारणास्तव ती निवडणूक रद्द झाली. नंबुद्रिपाद मंत्रिमंडळाचे बहुमत १२६ जागांच्या सभागृहात जेमतेम होते. म्हणूनच १९५८ च्या पोटनिवडणुकीकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले. मळे कामगारांनी रोसम्मांना पूर्वीपेक्षा मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून दिले. मतपेटीने दिलेला हा निर्वाळा केंद्र सरकारच्या पचनी पडला नाही. ३१ जुलै १९५९ रोजी मंत्रिमंडळच बडतर्फ करण्यात आले.

आज हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राजा यांच्यावरील आक्षेप दोन होते: ते ख्रिस्ती आहेत, म्हणून अनुसूचित जातीचे नव्हेत, आणि त्यांचे पूर्वज तमिळनाडूतून आलेले असल्याने केरळात त्यांना हा दर्जा मिळू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे आक्षेप मान्य केले नाहीत. मात्र एका उमेदवाराला न्याय मिळाला म्हणून त्यामागील अन्याय संपत नाही. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार आहेत आणि १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हा त्यांचा पाया आहे. त्यामुळे मळ्यात जन्मलेल्या, मळ्यातच राबणाऱ्या मजुराला आपला आजोबा त्या साली कोठे राहत होता, याचे कागद दाखवावे लागतात. ज्यांना मळेमालकाच्या हजेरीपटाखेरीज नोंदच ठाऊक नव्हती, त्यांनी असा पुरावा आणावा कोठून?

धर्माच्या अटीची कथाही तीच आहे. १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षा घेतलेल्या लक्षावधी दलितांना केंद्राच्या यादीत स्थान मिळण्यास १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अद्याप दाराबाहेरच आहेत. देवळाऐवजी चर्चमध्ये गेल्याने कोणाच्या पाठीवरील चहाची टोपली हलकी होत नाही, की शेजाऱ्याच्या मनातील जातीही पुसली जात नाही.

तथापि, सारा दोष कायद्यावर आणि न्यायालयांवर ढकलून डावी चळवळ मोकळी होऊ शकत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये मुन्नारच्या हजारो स्त्री कामगारांनी बोनसकपातीविरुद्ध रस्ता अडविला, तेव्हा त्यांनी सर्वच पक्षांच्या कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना दूर ठेवले. त्यांची दिवसाची मजुरी तेव्हा २३२ रुपये होती. वीस टक्क्यांची मागणी त्यांनी लढून पदरात पाडून घेतली आणि पुढे मजुरी ३०१ रुपयांवर आली. आपल्या नावाने बोलणारे आपल्यासाठी बोलतातच असे नाही, हे त्या स्त्रियांनी खडसावून सांगितले. त्यानंतर पाचच वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, पेट्टिमुडी येथे दरड कोसळून मजुरांच्या चाळी, म्हणजे लयम, गाडल्या गेल्या आणि ७० माणसे प्राणास मुकली. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही स्वतःच्या मालकीची वीतभर जमीन नाही. निवृत्त होताच खोली रिकामी करावी लागते. १९६३ च्या केरळ जमीनसुधारणा कायद्याने कुळांना जमीन दिली खरी. परंतु मळ्यांना कमाल धारणेतून वगळले. आमदार आपल्या पक्षाचा असूनही जमीन मात्र मालकाचीच राहिली, ही वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

म्हणून देवीकुलमचा निकाल हा समाधान मानून स्वस्थ बसण्याचा क्षण नव्हे. अनुसूचित जातीच्या दर्जासाठी असलेली धर्माची अट रद्द झाली पाहिजे. स्थलांतरित मजुरांच्या वंशजांना, ते जेथे राबतात त्या राज्यात, दलित म्हणून पूर्ण हक्क मिळाले पाहिजेत. मळे कामगारांना घर आणि त्याखालची जमीन स्वतःच्या नावे मिळाली पाहिजे. विधानसभेतील जागा हे या लढ्याचे एक साधन आहे. ते साधन कामगारांच्या हाती राहील आणि त्यांना जाब विचारता येईल, तेव्हाच त्याला प्रतिनिधित्व हे नाव शोभेल.