परवानगी जागेची, शर्यत वाटेची

लांब पल्ल्याच्या प्रवासशर्यतींवरचे रिअ‍ॅलिटी शो मुंबईत आले की त्यांची कामे घेणाऱ्या लाइन प्रोड्यूसर आणि लोकेशन मॅनेजर मंडळींची पत्रे या महिन्यात पुन्हा येऊन पडली आहेत. लिहिणारे वेगवेगळे, गाऱ्हाणे एकच. अर्जात जागा, तारीख आणि वेळ भरायला सांगतात; शर्यतीत या तिन्ही गोष्टी स्पर्धक ठरवतो. एका वाचकाचा अर्ज ‘अचूक ठिकाण नमूद नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. त्यांनी संभाव्य ठिकाणांची यादी जोडून तो पुन्हा दिला, तर ‘प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र अर्ज करावा’ असा नवा शेरा पडला. तोवर युनिट दुसऱ्या राज्यात निघून गेले होते.

ठरलेल्या जागेची अडचण आपल्याला फारशी कधी आली नाही. ‘द अमेझिंग रेस’चे चौथे पर्व २००३ साली प्रसारित झाले. त्यात महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडे धुणे किंवा मंगलदास मार्केटात नमुन्याबरहुकूम साडीचे कापड शोधणे असे टास्क होते. बाराव्या पर्वात फुलांचे हार ओवणे आणि सिनेमाची पोस्टरे डकवणे होते. रेकी, एनओसी, डिपॉझिट, बंदोबस्त. ही कामे आपल्या हातची आहेत. अडते ते दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवर, आणि या कार्यक्रमांचा जीव नेमका तिथेच असतो. चुकलेली लोकल, भलतीकडे वळलेली टॅक्सी, भर रस्त्यात एकमेकांवर वैतागलेली जोडी हेच तर प्रेक्षक पाहतात.

बीबीसीच्या ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ने ही वाट आणखी लांबवली. विमान नाही, मोबाइल नाही, हाती फक्त विमानभाड्याइतके पैसे. २०२५ चे पर्व चीनच्या भिंतीपासून कन्याकुमारीपर्यंत, १४ हजार किलोमीटरहून अधिक अंतराचे होते. चेकपॉइंट सोडले तर कोण कुठल्या स्टेशनात उतरेल हे निर्मात्यालाही आधी ठाऊक नसते. अशा युनिटकडे प्लॅटफॉर्म क्रमांक आणि दोन तासांचा स्लॉट मागणे म्हणजे परवानगी नाकारणेच आहे. मग सरळ नाही म्हणावे, निदान महिना तरी वाया जाणार नाही.

दादरचेच घ्या. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले प्लॅटफॉर्म सलग १ ते १४ झाले. प्रवाशांचा गोंधळ मिटावा म्हणून केले, उत्तम केले. पण १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे, ही हद्द होती तिथेच आहे. चित्रीकरणासाठी एक अर्ज चर्चगेटला, दुसरा सीएसएमटीला. कागदपत्रे दोनदा, शुल्क दोनदा, हेलपाटे दोनदा. स्पर्धक सात नंबरवरून पुलावर चढले आणि आठवर उतरले, मागे एक कॅमेरामन आणि एक साउंड रेकॉर्डिस्ट, की मध्येच परवानगी बदलते. बाहेर पडून मेट्रो ३ धरली तर तिसरे दार. राज्याच्या एक खिडकी योजनेचा हुकूम रेल्वेच्या हद्दीत चालत नाही. प्रवाशासाठी जे स्टेशन एक झाले ते आमच्या अर्जासाठी एक का होऊ नये, याचे उत्तर कोणीही देत नाही.

रस्त्याची कथा वेगळी नाही. गिरगावातून निघालेली टॅक्सी लालबागमार्गे दादरला पोहोचेपर्यंत व्ही. पी. रोड, नागपाडा, भायखळा, काळाचौकी, भोईवाडा अशा किती पोलीस ठाण्यांच्या हद्दी ओलांडते! परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी पाडकामासाठी बंद झाला. तेव्हापासून टिळक पुलाने जायचे की करी रोडने, हे टॅक्सीवाला गर्दी बघून सिग्नलला ठरवतो. टिळक पुलाने गेला तर पलीकडे जी/उत्तर वॉर्ड, करी रोडने गेला तर जी/दक्षिण. अर्जात मात्र आठवडाभर आधी एकच लिहायचे. शिवाय व्हॅनिटी किती, जनरेटर किती, पार्किंग कुठे, हे प्रश्न आहेतच. चार माणसे एका टॅक्सीत बसतात, हातात एक कॅमेरा. ट्रायपॉड नाही, लाइट नाही. त्या युनिटला आणि दोनशे माणसांच्या फिल्म युनिटला एकच फॉर्म!

अधिकाऱ्यांची धास्ती खोटी नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले, हे आपण विसरून चालणार नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनात आणि पुलांवर कॅमेरा नको, ही अट आपणच पुढे होऊन मान्य केली पाहिजे. मात्र गर्दीची काळजी असेल तर वेळेचे आणि माणसांच्या संख्येचे बंधन घाला, ठिकाणाच्या नावाचे नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत केंद्राने परदेशी चित्रीकरणासाठीचा प्रोत्साहन परतावा ३० वरून ४० टक्क्यांवर नेला. वर पायघड्या घालायच्या आणि खाली चौकीवर गाडी अडवायची, याने काम येत नाही.

आता आपल्यातल्यांविषयी. काही जण कटकट नको म्हणून रिअ‍ॅलिटी शोच्या अर्जावर ‘डॉक्युमेंटरी’ लिहितात. ही शुद्ध फसवणूक आहे आणि मूर्खपणाही. परदेशी डॉक्युमेंटरीची वाट परराष्ट्र मंत्रालयाकडून जाते, रिअ‍ॅलिटी शोची माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. पकडले गेलात तर युनिट परत जाते आणि पुढच्या प्रामाणिक अर्जदाराकडे संशयाने पाहिले जाते. काही जण परवानगीच घेत नाहीत, हवालदाराच्या हातात काहीतरी सरकवून वेळ मारून नेतात आणि त्याला अनुभव म्हणतात. दादरच्या फूल मार्केटात हार ओवणारी बाई, धोबीघाटावरचा धोबी, रस्ता सांगणारा टॅक्सीवाला यांचे चेहरे जगभर दाखवले जातात. त्यांच्यापुढे इंग्रजी रिलीज फॉर्म धरून अंगठा घ्यायचा आणि निघून जायचे, हे ताबडतोब बंद झाले पाहिजे. फॉर्म मराठीत आणि हिंदीत हवा, वाचून दाखवायला हवा, आणि त्या माणसाच्या बुडालेल्या वेळेचे पैसे हातावर ठेवायला हवेत.

आपली मागणी साधी आहे. चार माणसांपर्यंतच्या, हातातल्या कॅमेऱ्याच्या युनिटला ठिकाणाऐवजी पट्ट्याची परवानगी द्या: अमुक दिवस, अमुक वेळा वगळून, कुलाबा ते सायन. पोलिसांना आणि वॉर्डांना एकाच प्रतीने कळवा. दादरसाठी दोन्ही रेल्वेंनी मिळून एक अर्ज घ्यावा.

हे तोंडी सांगून कोणी ऐकणार नाही, कागद लागतात. नाकारलेले अर्ज, शेरे मारून परत आलेल्या प्रती, भरलेल्या शुल्काच्या पावत्या, सगळे तारखांसह येत्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आमच्या कार्यालयाकडे पाठवा. नावे छापणार नाही. त्यांचा एक संच करून तो चित्रनगरीच्या महामंडळाकडे आणि दोन्ही रेल्वेंच्या जनसंपर्क विभागांकडे आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत. ज्यांनी आजवर फक्त फोनवर तक्रारी केल्या, त्यांनी या वेळी लिहून पाठवावे.