ट्यूबवरची बारीक अक्षरे

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या आमच्या मोहल्ल्यांत एक ‘गोरेपणाची क्रीम’ हातोहात फिरू लागते. कुणाची खाला ती आखाती देशातून आणते, कुणी पार्लरमधून बिनलेबलाच्या डबीत घेते. आठवड्यात चेहरा उजळतो, हीच तिची जाहिरात. माझ्या मते इतक्या लवकर रंग बदलणाऱ्या क्रीमचा आधी संशय यायला हवा.

कारण आपल्याच रेल्वे लाइनवरच्या अकोल्यात काय झाले ते आठवा. तिथली एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत पोहोचला. तिच्यात पारा होता. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी छापून आली होती. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. टॉवेल-उशीवाटे घरातल्या मुलांपर्यंतही जातो. आपल्या देशात अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिनलेबलाच्या डबीला कायदा कुठून कळणार?

दुसरी वस्तू मेडिकलमध्ये उघड मिळते. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज-इसबावर डॉक्टर ते थोडे दिवस देतात, तेव्हा ते औषधच. महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येतात, ओठांवर लव वाढते. बंद केले की चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. चिठ्ठीशिवाय ही क्रीम विकू नये म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. तरी ‘वो गुलाबी वाली दो’ एवढ्यावर काम होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही लिप्या घडाघडा वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी या अक्षरांपाशी अडतात, कारण ती इंग्रजीत आणि मुंगीएवढी असतात. म्हणून काही नावे ओळखीची करून घ्यावीत. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. नायसिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, डागांवर आणि तेलकटपणावर. पण दोन-तीन महिने धीर हवा. सॅलिसिलिक ॲसिड मुरुमांसाठी, दोन टक्क्यांपर्यंत. रेटिनॉल फक्त रात्री, वाटाण्याएवढे, आणि गरोदरपणात अजिबात नाही. नवी वस्तू एका वेळी एकच, तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावी. आणि खानदेशच्या उन्हात पैसे खर्चायचेच तर एसपीएफ ३० च्या सनस्क्रीनवर खर्चावेत. नकाब घालणारीलाही डोळ्यांभोवती ते लागतेच.

जाता जाता ईदच्या काळ्या मेंदीबद्दल. खरी मेंदी तासाभरात काळी होत नाही; झाली तर तिच्यात बहुधा केसांच्या डायमधले पीपीडी आहे. त्याने हातावर फोड येतात.

रिश्ता बघायला आलेल्या बाया मुलीचा हात उलटा करून रंग पाहतात, तोवर ही डबी विकली जाणारच. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे पैगंबरांच्या अखेरच्या खुत्ब्यातले सांगणे आपण जुम्म्याला ऐकतो आणि घरी येऊन ‘लडकी साफ रंग की चाहिए’ म्हणतो. दुकानदाराला दोष देताना मला हे आधी आठवते.

अशी क्रीम घरात कुणी बराच काळ लावत असेल तर ती ट्यूब किंवा डबी फेकू नका. बिनलेबलाची असेल तर लावणे तिथेच थांबवा. स्टेरॉइडची असेल तर मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना विचारून कमी करा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालये आहेत. जाताना ती वस्तू सोबत न्या. पायावर, चेहऱ्यावर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर तेही सांगा, लाजू नका. लघवीच्या तपासणीत पारा कळतो.